कबूल म्हटल्याशिवाय

"आधी बारदान वजा कर!" मापाडी ओरडला.

"अहो, एका सदऱ्याचं कसलं आलंय बारदान?" वहिनी म्हणाल्या.

"सदरा, विजार, बनियन आणि खिशातला चष्मा. सातशे ग्रॅम. चाळीस वर्षं मी कुणाच्या पोत्याचं बारदान सोडलं नाही, स्वतःचं सोडू? हमाल, लिही. साठ शंभर, त्यातून सातशे गेले. एकोणसाठ चारशे."

मी वहीत लिहिलं. वहिनींनी डोकावून पाहिलं आणि त्यांचा चेहरा खुलला. "काल अठ्ठावन नऊशे होतं. अर्धा किलो भर आली, भावजी!"

रोज सकाळी हे असं चालायचं. बाजारात विजेवर चालणारे काटे आले तेव्हा जुना लोखंडी काटा मापाडीला निरोपाची भेट म्हणून मिळाला होता. तो त्याच्या पुढच्या खोलीत दाराजवळ असायचा. आठवड्यातून एकदा मापाडी त्याच्या सांध्यांना तेल घालायचा आणि दांडी फडक्यानं पुसायचा. वहिनी म्हणायच्या, एवढा हात माझ्या पाठीवरून फिरवला असता तर माझे गुडघे दुखले नसते.

मी हमाल. आता पाठ वाकली, पण अजून सगळे हमालच म्हणतात. आम्ही दोघांनी धान्याच्या बाजारात एकाच काट्यावर चाळीस वर्षं काढली. मी पोतं पाठीवरून काट्यावर ठेवायचो, तो वजन सरकवायचा आणि आकडा सगळ्या आवाराला ऐकू जाईल असा पुकारायचा. पुकारलं की मालाच्या मालकानं 'कबूल' म्हणायचं. मालक कबूल म्हणेपर्यंत पोतं काट्यावरून हलायचं नाही, मग मागे गाड्यांची रांग लागो की व्यापारी शिव्या देवो. एका म्हाताऱ्या शेतकरणीनं एकदा एकच पोतं आणखी सात वेळा तोलायला लावलं. आठव्यांदा पुकारल्यावर म्हणाली, "कबूल आहे. पहिल्यांदाच होतं. तुला कंटाळा येतो का ते बघत होते." मापाडी तिच्यावर इतका खूश झाला की पुढे दर हंगामात तिची विचारपूस करायचा.

मी आकडे शिकलो ते पोत्यांवरचे, त्याच्याच कडून. अक्षरं शिकलो तेव्हा पन्नाशी उलटली होती. आता हौसेनं लिहितो, म्हणून वही माझ्याकडे.

मापाडीचं हृदय दमलं होतं. शहरातल्या मोठ्या डॉक्टरांनी तसं सांगितलं होतं, म्हणजे फाईलला सांगितलं होतं. त्यांची मान फाईलमधून वर आलीच नाही. पंप जुना झालाय, पाणी ओढत नाही, एवढं आम्हाला समजलं. मग म्हणाले, मीठ बंद, पाणी मोजून, लघवी होण्याची गोळी सकाळी, आणि रोज वजन करून लिहा. वजन कशासाठी करायचं ते विचारावं म्हणून मी तोंड उघडलं, तेवढ्यात कंपाउंडरनं पुढचं नाव पुकारलं.

पण वजन कशासाठी करतात हे आम्हाला काय शिकवायचं? आमचा जन्म त्यात गेला. वजन वाढलं की भर, उतरलं की घट. घट आली की शेतकरी रडतो, व्यापारी भांडतो. साधी गोष्ट होती.

पहिल्या आठवड्यात गोळीमुळे मापाडीचं वजन बासष्टवरून अठ्ठावनवर आलं. त्याला चालता येऊ लागलं, झोप लागू लागली, पण आकडा बघून घरात सुतक असल्यासारखं झालं. आणि त्याच सुमाराला वकील आले.

आमच्या गल्लीतले वकील हे वकील नाहीत. तरुणपणी ते एकदा साक्ष द्यायला कोर्टात गेले होते आणि खटला मिटल्यामुळे साक्ष न देताच परत आले. पण त्या एका दिवसात त्यांनी जे पाहिलं त्याच्या जोरावर पन्नास वर्षं सल्ला देताहेत. पिकावर कीड पडली, जावई रुसला, म्हैस आटली, कशालाही त्यांच्याकडे उत्तर असतं.

"चार किलो?" त्यांनी वही हातात घेऊन विचारलं. "आठवड्यात चार किलो? वहिनी, ह्या हिशेबानं साडेतीन महिन्यांत माणूस शिल्लक राहत नाही. मी आपलं सांगतो. गोळी जोरकस दिसते."

एवढं बोलून ते चहा पिऊन गेले. दुसऱ्या दिवसापासून आकडा चढू लागला.

एकोणसाठ. साठ. एकसष्ट. गल्लीत आनंद पसरला. मळणीचे दिवस होते, वाऱ्याबरोबर भुसा उडून घराघरात शिरत होता, माणसं घामानं आणि धुळीनं राखाडी झाली होती, तरी खळ्यावरून परतताना माणूस मापाडीच्या दाराशी थांबून विचारायचाच, "आज किती?" वहिनी आतूनच आकडा सांगायच्या आणि बाहेरचा म्हणायचा, "वा!" कुणी म्हणालं गालांवर तेज आलं. वकिलांनी तर पावलं चाचपून पाहिली. "बघा, कशी भरली आहेत! घोट्याचं हाड दिसत नाही. पायात जोर आला."

जोर आलेल्या पायांनी मापाडीला न्हाणीपर्यंत जाता येईना.

आणखी एक मोजमाप होतं, पण ते कुणी वहीत लिहीत नव्हतं. मापाडीला आडवं झालं की जीव घुसमटायचा, म्हणून तो धान्याच्या पोत्याला टेकून झोपायचा. ते पोतं मी लावून दिलं होतं. आकडा साठला पोचला तेव्हा म्हणाला, "हमाल, अजून एक लाव." एकसष्टला तिसरं. मी पोती लावत होतो आणि बाहेर लोक 'वा' म्हणत होते. माझ्या डोक्यात काही शिरलं नाही. चाळीस वर्षं मी फक्त उचलायचं काम केलं, विचार करायचं खातं त्याच्याकडे होतं.

बासष्ट नऊशे झाले त्या सकाळी तो काट्यावरून उतरला आणि काट्याच्याच कडेवर बसला. धापा टाकत त्यानं नडगीवर अंगठा दाबला. अंगठा उचलला तरी खळगा तसाच राहिला. तो त्या खळग्याकडे बघत बसला. मग माझा हात धरून माझा अंगठा तिथं दाबला.

"काय लागतंय?"

"मऊ लागतंय."

"आठव. पोत्यात हात घातल्यावर असं कधी लागायचं?"

मला लगेच आठवलं. काही लबाड लोक वजन वाढावं म्हणून धान्यावर पाणी मारून पोती शिवून आणायचे. मापाडी नुसता हात घालून ओळखायचा आणि आख्ख्या बाजारासमोर पोतं उलटं करायचा.

"भिजवलेला माल आहे, हमाल," तो म्हणाला. "ही भर नाही, ओल आहे. आयुष्यभर दुसऱ्याची पोती पकडली आणि स्वतःचं..." पुढचं बोलायला त्याच्याकडे श्वास नव्हता.

वहिनी दारात उभ्या होत्या. त्यांच्या हातात गोळ्यांचं पाकीट होतं. त्यातल्या प्रत्येक गोळीचा अर्धा तुकडा नीट जपून ठेवलेला दिसत होता.

"मीच अर्धी देत होते," त्या म्हणाल्या. "घट थांबावी म्हणून."

मापाडीनं त्यांच्याकडे पाहिलं. त्याचे ओठ निळे पडले होते, तरी तो हसला. "म्हणजे चोर घरातलाच निघाला."

मग दुसऱ्या शहरातून त्याचा मुलगा गाडी घेऊन आला आणि आम्ही मापाडीला मोठ्या हॉस्पिटलात नेलं. तिथं तो बारा दिवस राहिला. बारा दिवसांत पाच किलो पाणी काढलं, त्यातला बराचसा काळ त्याच्या तोंडावर मुखवटा होता आणि नळ्या ओढू नयेत म्हणून हात खाटेला बांधलेले होते. काचेतून दिवसातून दोनदा भेटायचं. मी गेलो की तो बोटांनी काहीतरी खुणा करायचा. मला वाटायचं पाणी मागतोय. घरी आल्यावर समजलं, तो विचारत होता की इथं खाटेसकट वजन करतात, ते बारदान वजा करतात की नाही.

घरी आल्यावर त्यानं दोन गोष्टी सांगितल्या. पहिली वहिनींना: "तू पूर्ण गोळी दिली असतीस तरी हा दिवस येणारच होता, उगीच मनाला लावून घेऊ नकोस." दुसरी मला: "मला परत तिकडे न्यायचं नाही. काहीही झालं तरी. मला इथं, ह्या पोत्यांना टेकून जायचंय. तिथं हात बांधतात, हमाल. मी हातावर पोट असलेला माणूस आहे."

हॉस्पिटलनं जवळच्याच गावात राहणारी एक सिस्टर पाठवली. बुटकी, पायात खेळाडूंचे बूट, स्कूटरवर औषधांची पेटी बांधलेली. घरोघरी जाऊन अशाच माणसांना बघायचं हे तिचं काम, ज्यांचा आजार बरा होण्याच्या पलीकडे गेलाय त्यांना. ती आली आणि काय आश्चर्य, खाली बसली. डॉक्टर-नर्स लोक बसतात हे आमच्या गल्लीनं पहिल्यांदा पाहिलं.

"बाबा, तुमच्या आजाराबद्दल तुम्हाला काय सांगितलंय?" तिनं विचारलं.

"मला कुणी काही सांगत नाही. सगळ्या गावाला माहीत आहे. माझ्यासमोर म्हणतात, येत्या हंगामात परत बाजारात दिसशील. मीही 'हो' म्हणतो. त्यांना वाईट वाटायला नको."

"आणि तुम्हाला काय वाटतं?"

"बाजार उठायची वेळ झाली असं वाटतं."

सिस्टरनं मान डोलावली. नाही-नाही म्हणाली नाही, असं बोलू नका म्हणाली नाही. वहिनींनी पदरात तोंड लपवलं. मापाडी मात्र कित्येक दिवसांनी खांदे सैल सोडून बसला.

मग तिनं विचारलं, तुम्हाला कशाची भीती वाटते, काय हवंय, काय नको. ती म्हणाली, छापील फॉर्म मी भरीनच, पण तुमच्या शब्दांतही लिहून ठेवा. मापाडी सांगत गेला, मी लिहिलं. माझी अक्षरं पोत्यावरच्या अक्षरांएवढी मोठी येतात, दोन पानं भरली. मजकूर एवढाच होता: मला माझ्या खाटेवरून हलवू नये. धाप लागली तर धाप कमी करावी, मला नेऊ नये. माझ्याशी खोटं बोलू नये. उकडलेल्या अंड्यावर मीठ मिळावं. वकिलाला उशाशी बसू देऊ नये.

सिस्टरनं वाचलं आणि शेवटच्या ओळीला खुदकन हसली. "हे फॉर्ममध्ये कुठं बसवू?"

"सगळ्यात वर," मापाडी म्हणाला.

तिनं खिडकी उघडायला लावली, पंखा त्याच्या चेहऱ्याच्या बाजूला वळवला. नुसत्या वाऱ्यानंही धाप कमी वाटते म्हणाली, आणि खरंच वाटली. एक लहान बाटली दिली. धाप फार झाली की इतकेच थेंब तोंडात घालायचे, ते पिचकारीवर खूण करून दाखवलं. "ह्यानं आजार बरा होणार नाही. घुसमट कमी होईल, घाबरेपणा जाईल." गोळी चालूच ठेवायला सांगितली. पूर्ण गोळी, असं वहिनींकडे बघून म्हणाली. आणि जाता जाता काट्याकडे बोट केलं.

"बाबा, हे रोजचं वजन आता बंद करा. आकड्यासाठी जगायची गरज नाही. त्रास झाला की मला फोन करा, तेवढं पुरे. आणि अंड्यावर चिमूटभर मीठ घाला खुशाल."

मीठ मिळालं त्याचा आनंद एका बाजूला आणि काटा बंद झाला ते दुसऱ्या बाजूला, मापाडीच्या तोंडावरून दांडी वरखाली होताना मला दिसत होती. शेवटी म्हणाला, "हमाल, काट्यावर फडकं घाल. धूळ बसेल."

फडकं घातलं ते खिडकीतून दिसलं आणि तासाभरात गावभर झालं.

"मीठ चालू केलं!" वकील चौकात सांगत होते. "ज्या मिठानं हे सगळं झालं तेच चालू केलं. वजन बंद. आणि बाटलीत काय आहे ठाऊक आहे? मी वाचलं. अफूच्या जातीचं औषध आहे. मीठ देऊन, अफू देऊन, पंख्याखाली बसवून ठेवलंय म्हाताऱ्याला. ह्याला कायद्यात काय म्हणतात ते मला सांगायला लावू नका."

कुणी सांगायला लावत नव्हतंच, तरी त्यांनी सांगितलं. मग त्यांनी मुलाला फोन केला.

दरम्यान मापाडीचे बरे दिवस चालले होते. सकाळी अंडं, त्यावर मीठ. पहिला घास घेतला त्या दिवशी त्यानं डोळे मिटले आणि बराच वेळ चघळत राहिला. वहिनी म्हणाल्या, "अहो, गिळा आता." तर म्हणाला, "थांब, दोन महिन्यांनी भेट झालीय." दुपारी मी त्याच्याजवळ बसायचो. येणाऱ्याजाणाऱ्याला बघून तो मला विचारायचा, "अंदाज सांग, हा किती?" बाजारात आमचा हाच खेळ होता, मी पाठीवरून उतरवायच्या आधी वजन सांगायचं, मग तो तोलायचा. मी नेहमी अर्धा किलो चुकायचो. आता तोलून बघायचं नसल्यामुळे मी कधीच चुकत नव्हतो. वकील रस्त्यानं गेले की आम्ही दोघं एकदम सांगायचो, "नव्वद. बारदानासकट."

आठव्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला धाप वाढली. वारा पडला होता, आवारातली माती तापून भगभगत होती. मापाडी खाटेच्या कडेला वाकून, गुडघ्यांवर हात देऊन श्वास ओढत होता. वहिनींनी सिस्टरला फोन लावला, ती म्हणाली थेंब द्या, मी निघाले. आणि वहिनी बाटली उघडताहेत तोच दारात गाडी थांबली.

मुलगा आत आला. एका हातात गाडीची किल्ली, दुसऱ्या हातात खोकं. खोक्यात विजेवरचा नवा काटा होता. त्याच्या मागून वकील, कोर्टात अशिलाला घेऊन येतात तसे.

"आई, ती बाटली खाली ठेव," मुलगा म्हणाला. त्याचा आवाज चिरकला होता. वाईट मुलगा नव्हता तो. चार तास गाडी चालवत आला होता आणि चारही तास वकील फोनवर होते. "बाबांना असं बसवून काय ठेवलंय? श्वास बघ त्यांचा! काका, उचला. तुम्ही खांद्याकडून, मी पायाकडून. गाडीत घालू, दोन तासांत हॉस्पिटल."

"त्यांनी लिहून दिलंय," मी म्हणालो आणि दोन पानं पुढे केली.

वकिलांनी ती घेतली, वाचत गेले आणि शेवटच्या ओळीशी पोचल्यावर त्यांचा चेहरा बदलला. "हे काही खरं नव्हे. ह्यावर साक्षीदाराची सही कुठं आहे? आजारी माणसाच्या लिहिण्याला काही अर्थ नसतो. उचला तुम्ही."

"तुम्ही धरा मग एका बाजूनं," मी त्यांना म्हणालो.

"माझी कंबर," वकील म्हणाले.

"काका!" मुलगा रडकुंडीला आला. "उद्या लोक म्हणतील, पोरानं बापासाठी काही केलं नाही. काहीतरी करायला नको का? तुम्ही उचलणार की नाही?"

घरात उचलू शकणारा मीच होतो. पाठ वाकलीय, पण पन्नास-पंचावन्न किलो अजून उचलतो. मुलाला ते ठाऊक होतं आणि मलाही. मी खाटेजवळ गेलो. वकिलांनी सुटकेचा श्वास टाकला.

मी मापाडीच्या खांद्याखाली हात घातले नाहीत. सरळ उभा राहिलो, छाती भरून घेतली आणि तो बाजारात पुकारायचा तसं मोठ्यानं पुकारलं. आयुष्यात पहिल्यांदाच, ते काम माझं नव्हतं.

"माल हॉस्पिटलला चाललाय! मालक, कबूल?"

रस्त्यावरची माणसं थबकली. मापाडीनं मान वर केली. दोन श्वास घेतले, तिसरा घेतला.

"ना-कबूल," तो म्हणाला.

मी खाली बसलो. "ऐकलं ना? चाळीस वर्षं मालकाच्या कबुलीशिवाय मी एक पोतं हलवलेलं नाही. आज मालक स्वतः समोर बसलाय."

"अहो, माणूस आहे तो, पोतं आहे का?" वकील ओरडले.

"मीही तेच म्हणतोय," मी म्हणालो. "पोत्यालासुद्धा आम्ही विचारायचो. माणसाला विचारायचं नाही?"

तेवढ्यात वहिनी पुढे झाल्या. मुलगा आडवा उभा होता, त्याला त्यांनी हातानं बाजूला केलं, पिचकारीत खुणेपर्यंत औषध ओढलं, एक थेंब कमी नाही, एक जास्त नाही, आणि मापाडीच्या गालाच्या आत सोडलं. "ह्या खेपेला अर्धं नाही देत," त्या म्हणाल्या. पंखा त्याच्या तोंडाकडे वळवला आणि त्याच्या पाठीशी पोत्यासारख्या बसल्या, त्याला टेकता यावं म्हणून.

सिस्टर आली तोवर श्वास खाली बसला होता. तिनं मापाडीची नाडी पाहिली, मग मुलाला बाहेर अंगणात नेलं. काय बोलली ते मी ऐकलं नाही. मुलगा बराच वेळ भिंतीकडे तोंड करून उभा होता. मग आत आला, बसायला काही नव्हतं म्हणून फडकं घातलेल्या काट्यावरच बसला आणि बापाची पावलं मांडीवर घेतली.

"बाबा, मी काय करू?" त्यानं विचारलं.

"किती वजन तुझं?" मापाडी म्हणाला.

"ऐंशी."

"दिसतंय. दांडी वाकेल. खाटेवर बस."

मुलगा पाच दिवस राहिला. अंडी तोच उकडायचा, कच्ची ठेवायचा, मापाडी मीठ जास्त घालून खायचा. गाडीच्या किल्लीची कुणाला आठवण झाली नाही. नव्या काट्याचं खोकं तसंच कोपऱ्यात पडलं होतं. तपासून बघतो म्हणून वकील ते घरी घेऊन गेले. आता ते रोज सकाळी त्यावर उभे राहतात आणि आकडा चढला की अंगठ्यानं आपली नडगी दाबून बघतात.

पाचव्या दिवशी सकाळी मापाडीनं अर्ध्या अंड्यावर मीठ घालून घेतलं, थोडं खाल्लं, उरलेलं वहिनींना दे म्हणाला आणि पोत्याला टेकून डोळे मिटले. एकच पोतं होतं. हात त्याच्या मांडीवर मोकळे होते. वहिनींना वाटलं झोपला. थोड्या वेळानं मुलाला समजलं, मग वहिनींना, सगळ्यात शेवटी मला.

दुपारपर्यंत गल्ली भरली. वकील मधोमध उभे राहून येईल त्याला सांगत होते, "मी पहिल्या दिवसापासून म्हणत होतो, घरीच ठेवा. शेवट घरी व्हावा ह्यासारखं भाग्य नाही. फक्त मीठ द्यायला नको होतं. मिठानं गेला."

उचलायची वेळ झाली. चौघे खाटेला लागलो. मुलगा आणि मी पुढे, मागे एक शेजारी, आणि चौथ्या कोपऱ्याला लोकलाजेनं वकील. सगळे वाकले. मी हात घातला आणि तसाच थांबलो. मला काही सुचत नव्हतं, नुसती सवय होती ती. कान कुणाच्या तरी आवाजाची वाट बघत होते.

"काय झालं? उचला की," वकील कुजबुजले.

मी हललो नाही. मुलगाही हलला नाही. तो समजला होता.

तेव्हा दारातून वहिनी बोलल्या. आवाज बारीक होता, पण सगळ्या आवाराला ऐकू गेला.

"कबूल," त्या म्हणाल्या. "न्या."

आम्ही उचललं. माझ्या खांद्यावर भार आला आणि मी मनात अंदाज सांगितला. बरोबर की अर्धा किलो चुकीचा, ते सांगणारा आता कुणी नव्हतं. मागून दहाव्या पावलाला वकिलांचा आवाज आला, "जरा खांदा बदलता का कुणी? माझी कंबर."